नऊपर्यंत बसायचं

"वास घ्या आन् लिवून द्या सायेब," हवालदार म्हणाले. "मला पंचांना घेऊन परत सणसरला जायचं हाय."

सकाळची वेळ होती. दवाखान्याच्या बाकावर गणपतराव बसले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, टोपी हातात. बारामतीच्या पेठेतून गूळ भरून सोलापूरकडे निघालेला त्यांचा ट्रक सणसरजवळ सरळ, मोकळ्या रस्त्यावरून डावीकडे झुकत झुकत पाटात उतरला होता. समोरून गाडी नाही, बैल नाही, काही नाही. माणूस कुणी दगावला नाही, गुळाच्या ढेपा मात्र पाण्यात गेल्या. हवालदारांनी जागेवर पंचनामा केला होता आणि त्यावर साक्षीला सही करणारे गावातले दोघे पंच सोबत आणले होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

मी तेव्हा बारामतीत सरकारी डॉक्टर होतो. आमच्या मुलखात दारूबंदी नवीन होती. दारू पिऊन गोंधळ घालणं तर गुन्हा होताच, पण नुसतं पिणंही गुन्हा होता. संशयित आला की डॉक्टरने तपासून लिहायचं, प्यालेला आहे किंवा नाही. त्यावर माणूस तुरुंगात जायचा किंवा घरी जायचा. रक्त तपासायची सोय आमच्यापर्यंत पोचली नव्हती. डॉक्टरचं नाक हेच यंत्र.

मी गणपतरावांच्या तोंडाजवळ नाक नेलं. कांद्याचा आणि तंबाखूचा वास आला. दारूचा अजिबात नाही. डोळ्यांच्या बाहुल्या ठीक होत्या. मग त्यांना फरशीच्या रेघेवरून चालायला सांगितलं, तर पाय फाकून, डावीकडे कलत गेले. डोळे मिटून नाकाला बोट लावा म्हटलं, ते गालावर लागलं. बोलणं जड, हाताला कंप. सगळी लक्षणं दारुड्याची, फक्त दारू तेवढी नव्हती.

"बघा की सायेब," हवालदार म्हणाले. "आजून काय पायजे?"

मी गणपतरावांना पुन्हा एकदा रेघेवरून चालायला लावलं. ती फाकलेल्या पायांची चाल मी कुठेतरी पाहिली होती, आणि कुठे ते आता आठवलं.

ते सांगायचं तर आधी तंबूतल्या सिनेमाबद्दल सांगायला हवं.

मी मूळचा अलिबागकडचा. कुस्ती म्हणजे दोन माणसं एकमेकांना धरतात, एवढंच माझं ज्ञान. बॉक्सिंगचं तर नावच ऐकलेलं. बारामतीला बदली झाली तेव्हा संध्याकाळी करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी गावाबाहेरच्या तंबूत सिनेमाला जायला लागलो. तिथल्या ऑपरेटरने पुण्याच्या कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत जाताना त्याच्याकडून जुन्या फितींची एक पेटी मिळवली होती. सगळ्या परदेशातल्या बॉक्सिंगच्या मॅचेस, वीस-तीस वर्षांपूर्वीच्या, मुक्या. लोक येऊन बसेपर्यंत तो त्यांतली एक लावायचा.

पहिल्याच दिवशी तंबूत दंगल व्हायची वेळ आली. पडद्यावर एक गडी ठोसा खाऊन उताणा पडला. सगळा तंबू ओरडला, "चीत! झाली कुस्ती!" लोक जिंकणाऱ्याला फेटा बांधताना बघायला उभे राहिले. तेवढ्यात पडलेला गडी उठला आणि परत मारायला लागला. मग काय, तंबू खवळला. पाठ टेकल्यावर परत लढायचं म्हणजे शुद्ध लबाडी, असं सगळ्यांचं मत पडलं. कुणीतरी पडद्यावर चप्पल भिरकावली.

तेव्हा पुढच्या रांगेतून एक धिप्पाड माणूस उठून पडद्याशेजारी जाऊन उभा राहिला. तेच गणपतराव. कऱ्हाटीचे. पलटणीत बॉक्सिंग खेळलेले, आता निवृत्त होऊन ट्रक चालवत होते.

"गप बसा," ते म्हणाले. "ह्यो खेळ निराळा हाय. हितं पाठ टेकली म्हंजे हार न्हाय. पंच दहा मोजतो. दहाच्या आत उभा ऱ्हायला त्यो गडी, न्हाय ऱ्हायला त्यो गेला."

त्या दिवसापासून फीत लागली की गणपतराव पडद्याशेजारी उभे. घंटा झाली, राउंड संपला, कोण दमला, कुणाचा डावा हात खाली आला, सगळं सांगत. पडद्यावर कुणी पडला की मोठ्याने दहा आकडे मोजत, आणि तंबूही त्यांच्याबरोबर मोजू लागला. शेतावरून थेट आलेली माणसंही खालच्या चटईवर बसून "सात, आठ" म्हणायची.

मला तर त्या खेळाचं वेडच लागलं. मुख्य सिनेमा सुरू झाला की मी उठून जायचो. गणपतराव बाहेर चहाच्या गाडीवर असायचे. तिथे ते मला शिकवायचे.

"पडलं की लगी उठायचं न्हाय, डॉक्टर. एक गुडगा टेकून नऊपर्यंत बसायचं. डोस्कं निवू द्यायचं. जो घाईनं उठतो त्यो मरतो."

पेटीत एका बॉक्सरच्या तीन फिती होत्या. बारीक, केस चापून बसवलेला, कान दुमडलेले. नाव फितीवर कुठे नव्हतं. पहिल्या फितीत तो कोवळा होता आणि नाचत नाचत सगळे ठोसे चुकवायचा. दुसरीत चुकवणं कमी झालं होतं. तिसरीत तो वयाने मोठा, पाय फाकून उभा राहायचा आणि नुसता मार खायचा, पण पडायचा नाही. तंबूतल्या लोकांना तिसरी फीत सगळ्यांत आवडायची. हा खरा मर्द, म्हणायचे. मलाही वाटायचं.

एकदा चहा पिताना मी विचारलं, "गणपतराव, तुम्ही किती वेळा बसलात नऊपर्यंत?"

"एकदाबी न्हाय," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्ही पडलाच नाही?"

"कऱ्हाटीच्या तालमीतला गडी मी. पाठीला माती लागली तर गावात तोंड दावायची सोय न्हाय. पलटणीत आमचा साहेब वरडायचा, बस खाली, बस खाली. पर गुडगा वाकंना. मनच घेईना. तसाच हुभा ऱ्हायचो. सात वर्सं खेळलो, पर मला कुणी पाडला न्हाय."

हे सांगताना त्यांची छाती फुगली होती. मी कौतुकाने ऐकलं. कोण नाही ऐकणार? चहाचा गाडीवाला दर वेळी त्यांना दुसरा कप द्यायचा.

पुढे पुढे मोजताना ते चुकायला लागले. सहा झाल्यावर चार म्हणायचे, आठावर थांबून इकडे तिकडे बघायचे. तंबू हसायचा. लोकांना वाटायचं, गणपतराव गंमत करतायत.

तर ती चाल तिसऱ्या फितीतली होती. दवाखान्याच्या फरशीवर मी तेच फाकलेले पाय बघत होतो.

मी कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं. मेंदूच्या रोगांच्या प्रकरणात अर्धा परिच्छेद सापडला. वर्षानुवर्षं डोक्यावर ठोसे खाल्लेल्या बॉक्सर लोकांचा मेंदू हळूहळू झिजतो. खेळ सोडल्यावरही झीज थांबत नाही. तोल जातो, जीभ जड होते, मग विसर पडतो. उपायाच्या ओळी मी शोधल्या. त्या नव्हत्याच.

"प्यालेले नाहीत," मी हवालदारांना म्हणालो.

"मग झुलत्यात कशानं?"

"याला पंच-ड्रंक म्हणतात."

ड्रंक हा शब्द तोपर्यंत त्या भागातल्या प्रत्येकाला कोर्टामुळे पाठ झाला होता. माळकरी म्हातारा ताडकन उठला.

"पंच ड्रंक? डॉक्टरसायेब, गळ्यात माळ हाय माझ्या. सकाळपास्नं च्याबी घेतला न्हाय. सही करायला आलो ह्ये चुकलं व्हय आमचं?"

हवालदारांनी सवयीने त्याच्या तोंडाजवळ नाक नेलंच. दुसरा पंच आपण होऊन दोन पावलं मागे सरकला. मला समजावून सांगावं लागलं की हा पंच तुम्ही नव्हे. इंग्रजीत पंच म्हणजे ठोसा. ठोसे खाऊन खाऊन चढलेली झिंग, जी उतरत नाही. बाकावरून गणपतराव खो खो हसले. म्हाताऱ्याचा हात धरून म्हणाले, "बसा आबा, बसा. तुमी न्हाय, मी प्यालोय. ठोसं." त्यांना असं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

तेवढ्यात ट्रकचे मालक आले. वयाने साठीचे, सगळे त्यांना तात्या म्हणत. भिजलेल्या गुळाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत.

"प्यालेला न्हाय न्हवं? मग मिटलं," ते म्हणाले. "उद्या दुसरी गाडी देतो त्याला."

"गाडी देता येणार नाही, तात्या." मी त्यांना आजार सांगितला.

तात्या बाकावर गणपतरावांशेजारी बसले. मग म्हणाले, "डॉक्टर, प्याला आसता तर आत जाऊन आला आसता आन् मी परत घेतला आसता. दारू सुटती. ह्ये सुटतं का?"

"नाही."

"वाढतं?"

"वाढतं."

गणपतराव उठले. भिंत धरून माझ्या टेबलाजवळ आले.

"सायेब, प्यालेला म्हणून लिवा."

"गणपतराव..."

"लिवा. सजा भोगतो. जेलातनं माणूस परत येतो. तुमी लिवताय तितनं न्हाय येत."

हवालदारांनी मान खाली घातली. मला माझ्या हातातलं पेन नकोसं झालं. खोटं लिहिणं मला जमलं नसतं, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी अडचण कायद्याची नव्हती. त्यांच्या नजरेला नजर देणं अवघड होतं. मी एवढंच म्हणालो, "आज पाट होता. त्याच रस्त्याने पोरं शाळेत जातात."

त्यांना ते समजायला वेळ लागला. मग मान हलली.

"पोरांचं खरं हाय," ते म्हणाले.

खिशातून ट्रकची किल्ली काढून त्यांनी तात्यांच्या पुढे धरली. तात्यांनी हात पसरला होता. तरी किल्ली त्या हाताच्या बाजूने खाली पडली. तात्यांनी ती वाकून उचलली आणि धोतराला पुसत बाहेर निघून गेले.

केस झाली नाही. लायसन्स गेलं. तात्या भला माणूस, त्यांनी गणपतरावांना गोदामावर बसवलं. पण महिन्याभरात ते बारामतीतल्या आपल्या खोलीची वाट विसरायला लागले, तेव्हा बायको येऊन त्यांना कऱ्हाटीला घेऊन गेली. गावात मात्र बोलणं उरलं ते वेगळंच. पेताडच होता, डॉक्टर दोस्त म्हणून सुटला. मी चारचौघांत ठोशांची गोष्ट सांगून पाहिली. लोक ऐकून घ्यायचे आणि डोळा मारायचे. तंबूतल्या फितीही ऑपरेटरने बंद केल्या. सांगणारा नाही म्हटल्यावर लोक परत चपला मारायला लागले होते.

पुढे एकदा देवी टोचायच्या मोहिमेत मी कऱ्हाटीला गेलो. काम आटपून गणपतरावांचं घर विचारत गेलो. त्यांची बायको येसूबाई अंगणात कांद्याच्या पाती कापत बसली होती. तिने गूळपाणी दिलं.

"ओळखतील का ते मला?" मी विचारलं.

"कुनाला वळखत न्हाईत," ती म्हणाली. "परवा मलाच इचारत हुते, बाई तुमी कुठल्या?"

इतक्यात गणपतराव विहिरीकडून येताना दिसले. तशीच चाल, आता आणखी रुंद. अंगणाच्या कडेला येऊन ते धाडकन पडले. मी उठून धावलो.

"थांबा," येसूबाई म्हणाली. "हात लावू नगा."

गणपतरावांनी हात टेकले. मग सावकाश एक गुडघा जमिनीवर ठेवला, दुसरा वर घेतला आणि मान खाली घालून तसेच बसून राहिले. येसूबाई कांदे कापता कापता मोजू लागली. घाई नाही, आवाज चढवणं नाही. एक. दोन. तीन. तिच्या हातातला विळा त्याच लयीत चालत होता. नऊ म्हटल्यावर गणपतराव उठून उभे राहिले, धूळ न झटकता ओसरीवर जाऊन बसले.

"आदी लगी उठायला जायाचे आन् परत पडायचे," ती मला म्हणाली. "कपाळ फुटायचं. मग मला ध्येनात आलं. तंबूत सांगायचे ते घरी आल्यावर मलाबी सांगायचे नव्हं, गुडगा टेकून नऊपर्यंत बसायचं. म्हनून मोजाय लागली. आता माझं नाव ठावं न्हाई त्यास्नी, पर नऊ कळतं."

उभ्या जन्मात जो माणूस खाली बसला नाही, तो आता दिवसातून कितीदा बसत होता. तेव्हा एकदा जरी बसला असता तर, एवढाच विचार माझ्या डोक्यात फिरत राहिला. मी तोंड फिरवून घेतलं.

"आणि दहा?" मी विचारलं.

"दहा मी म्हनत न्हाय," येसूबाई म्हणाली आणि पुढचा कांदा घेतला.

पुढच्या वर्षी गणपतराव गेल्याचं तात्यांकडून कळलं. माझी नोकरी पुढे खूप वर्षं चालली आणि झुलणारी माणसं पोलिस आणतच राहिले. वास आला की माझं काम सोपं असायचं, लिहून मोकळा व्हायचो. वास नाही आला की मात्र मी हवालदाराला बाहेर बसवायचो, दार लोटून घ्यायचो आणि त्या माणसाजवळ खुर्ची ओढून बसायचो. त्याला सांगायची बातमी बहुधा तुरुंगापेक्षा वाईट असायची.