बहुतेकराव

"उद्या भेटू, बहुतेक," असं म्हणून जो माणूस दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळेच्या आधीच हजर असतो, त्याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा. आम्ही बहुतेकराव म्हणायचो. तोंडावर अर्थातच सर.

पणदऱ्याच्या एका वास्तुशांतीला त्यांनी "येण्याची शक्यता चांगली आहे" असा निरोप धाडला. घरमालक फुगून बसले. सर मात्र गुरुजींच्याही आधी दारात उभे, काखेत आहेराचं भिंतीवरचं घड्याळ.

बारामती-इंदापूरच्या द्राक्षबागांत मी हवामान मोजणारी यंत्रं बसवायचो आणि त्यांच्या नोंदींवरून सर समीकरणं मांडायचे. डावणी रोग येणार का, फवारणी करावी का, हे त्यातून ठरायचं. समीकरणाचे भाग दोन, चाल आणि धक्का. सर बागायतदारांना समजावत, "बैल सवयीनं घराकडं जातो, ती चाल. वाटेत कुत्रं भुंकलं की बुजतो, तो धक्का. कुत्रं कधी भुंकेल हे मला सांगता येत नाही. पण त्या वाटेवर बैल किती बुजतो, ते नोंदींवरून कळतं."

"मग फवारू का नको?" इंदापूरकडचे तात्या विचारत.

"फवारा. बहुतेक लागेल."

"आवो सर, तुमच्यापरीस ढग बरा. पडतो न्हायतर जातो."

तरी तात्या दुसऱ्या कुणाचा सल्ला घेत नसत. छातीठोक सांगणाऱ्यांनी त्यांना आधीच पोळलं होतं. सर बागेत दिसले की "बसा की सर," म्हणत ते आधी बाज पुढं ओढत.

गेल्या हंगामात तात्या आजारी पडले आणि पुण्याच्या डॉक्टरांनी हात टेकून त्यांना घरी पाठवलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते बागेच्या कडेला बाजेवर पडून होते. मण्यांत नुकतं पाणी उतरू लागलं होतं, म्हणजे माल निघायला अजून महिनाभर तरी होता.

"सर, माल निघस्तवर हाय का मी?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नक्की आहात."

तात्या त्यांच्याकडं बघत राहिले. मग खोकला येईपर्यंत हसले. "येवढं सरळ उत्तर तुमी कधी दिलं न्हाय. म्हंजी काय ते समजलो." आणि सरांच्या गुडघ्यावर थोपटत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बरं वाटलं ऐकून."

परत येताना सर माझ्या मोटरसायकलवर मागं बसून रडले. मला त्या माणसाची फार माया आली. गाडी मी हळू चालवली.

माल निघाला तेव्हा तात्या नव्हते. सुनेनं पहिला घड सरांच्या ओंजळीत ठेवला. बाकीचे क्रेट भरत होते आणि सर तो घड धरून तसेच वेलीखाली उभे होते. "बसा की सर," म्हणणारं तिथं कुणी उरलं नव्हतं.