फुटबॉलपुरते काका

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही: मला अमेरिकन फुटबॉल कळत नाही. अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या आमच्या मराठी मंडळींत मात्र माझी ख्याती कट्टर फॅन अशी आहे, कारण कित्येक सीझन दर शनिवारी मी काकांच्या बेसमेंटमध्ये मॅच बघत बसलेला असायचो. खरं तर जायचो ते बायकोबरोबरची कॉस्टकोतल्या किराण्याची फेरी चुकवायला. आणि काकांच्या हातच्या तर्री-पोह्यांसाठी.

काका नागपूरचे. रिटायर्ड इंजिनिअर, काकू गेल्यापासून एकटे. त्यांचा जीव ते ज्या लहानशा कॉलेजात शिकले त्याच्या टीममध्ये. इथली कॉलेजं गट करून आपापसांत खेळतात. त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. काकांच्या कॉलेजच्या कॉन्फरन्समध्ये फुटबॉलच नव्हतं, म्हणून बाकीचे खेळ तिथे ठेवून ते फुटबॉलपुरतं दुसऱ्याच कॉन्फरन्सचं मेंबर झालेलं. "म्हणजे बघ," काका समजावत, "झोपायचं आपल्या घरी, जेवायचं शेजारी. पण वेळेवर जायचं, आणि आपलं ताट घासून यायचं!"

मग हाच नियम त्यांनी जगाला लावला. मराठी मंडळाच्या खजिनदारबाई फॅमिली मेंबरशिपसाठी मागे लागल्या, तर म्हणाले, "मला मोदकांपुरतं मेंबर करा. भाषणं दुसऱ्या कॉन्फरन्सला द्या."

"काका, असं कसं चालेल?"

"कॉलेजांचं चालते, तर मोदकांचं का नाही चालणार?"

जावई थँक्सगिव्हिंगपुरता. डॉक्टर कोलेस्टेरॉलपुरता. आणि मी? "तू शनिवारपुरता. पण अटेंडन्स एकदम फुल आहे बे तुझा!"

गेल्या सीझनला त्या कॉन्फरन्सने कॉलेजला बजावलं: सगळे खेळ घेऊन या, नाहीतर निघा. त्या शनिवारी काकांनी टीव्ही लावलाच नाही. पोहे मात्र केले होते. "चूक त्यांचीही नाही," ते म्हणाले. "पण मॅच संपली की कोणी विचारत नाही ना, बाकीचे सहा दिवस कसे गेले म्हणून."

मी तर्री वाढून घेतली.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी त्यांचा फोन आला. "येतोस का आज? मॅच नाही. पोहेही नाहीत. नुसतं बसू."

"काका, मीटिंग आहे."

मीटिंग नव्हती. समोर मॅच नसताना या माणसाशी काय बोलायचं, याची मला धास्ती वाटली. त्या संध्याकाळी त्यांना घर विकण्याच्या कागदांवर सही करायची होती, आणि तेव्हा शेजारी कुणीतरी बसलेलं हवं होतं, हे मला महिन्याने त्यांच्या मुलीकडून कळलं.

सांता क्लाराला मुलीकडे राहायला निघाले, तेव्हा त्यांच्या बॅगा गाडीत मीच ठेवल्या. डिकी लावता लावता म्हणाले, "एक सांगू? तुला फुटबॉल कळत नाही, हे मला पहिल्याच सीझनला कळलं होतं. समोरच्या टीमने टचडाऊन करून पॉइंट घेतले की तू टाळ्या वाजवायचास."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर पोहे कोणी खाल्ले असते?"

कॉलेजला आता नवीन कॉन्फरन्स मिळाली आहे, पुन्हा फुटबॉलपुरतीच. शनिवारी काकांचा फोन येतो. दोघंही आपापल्या टीव्हीसमोर बसतो, आणि टाळ्या कधी वाजवायच्या ते काका तिकडून सांगतात.

काकांचा एक मंगळवार मी अजून देणं लागतो.