ब्रेकला काय माफ करू?

त्या वर्षी आमची कंपनी लडाखमध्ये होती. काम साधं. खालच्या डेपोतून रेशन, रॉकेल आणि डाक गाड्यांत भरायची, वरच्या चौक्यांवर पोचवायची आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. मी नायक शेळके, पारनेर तालुक्यातला. गाव राळेगणसिद्धीपासून जवळ, त्यामुळे नव्या साहेबांना वाटायचं की पाणी वाचवण्यातलं मला बरंच कळत असणार. त्याच साहेबांच्या आंघोळीचा टँकर मी एकदा नळ उघडा ठेवून रिकामा केला होता.

आमचे सेक्शन कमांडर हवालदार याकोब साळवे. नेवासा तालुक्यातले, घोडेगावजवळच्या एका वाडीतले. ख्रिस्ती. बोलणं हळू, शिट्टी मात्र दरीच्या पलीकडून ऐकू यावी अशी. एकाच जिल्ह्याचे म्हणून ते मला सांभाळून घेतील अशी माझी समजूत होती. मी कमांडिंग ऑफिसरच्या पेट्रोल जिप्सीत डिझेल भरलं, त्या दिवशी ती समजूत संपली. जिप्सी परेडच्या मधोमध खोकली आणि बसली. साळव्यांनी मला पिठ्ठू लावला. म्हणजे पाठीवर भरलेलं सामान, हातात रायफल आणि ग्राउंडला फेऱ्या. तिथल्या हवेत नुसतं चालतानाही धाप लागते.

दुसऱ्या फेरीला शेजारी बुटांचा आवाज आला. बघतो तर साळवे. त्यांच्याही पाठीवर पिठ्ठू.

"तुम्ही कशाला, उस्ताद?"

"शिक्षा सोडली तर उद्या तू रॉकेल भरशील. आन एकट्याला पळवलं तर मला जेवन जायचं न्हाई. पळ."

नंतर बुटाच्या नाड्या सोडताना मी परत विचारलं. ते म्हणाले, चूक झाली की तिची किंमत कुणाला तरी भरावी लागते. आमच्यासाठी एकानं क्रुसावर पार जीव देऊन भरली. मग मी थोडं पळालो तर काय झालं?

त्यानंतर त्यांनी जिप्सीचा विषय कधी काढला नाही, दुसऱ्याला काढू दिला नाही. सेक्शनमधल्या प्रत्येकाच्या शिक्षेत ते असेच पळाले. मला वाटलं, माणूस भला आहे, पण हवालदार म्हणून जरा कच्चा. हे मत मी मेसमध्ये सगळ्यांना ऐकवलंही. तेव्हा साळवे मागे ताट घेऊन उभे होते, हे मला वरण वाढून घेताना कळलं. त्यांनी माझ्याकडे मीठ मागितलं.

मे महिन्यात रस्ता उघडला आणि आमच्या तीन गाड्या वर निघाल्या. पहिल्या गाडीत रेडिओवर मी. तिसऱ्या गाडीत साळवे आणि त्यांचा ड्रायव्हर, शिपाई पोपट गुंजाळ, संगमनेरकडचा. सकाळी अकराच्या सुमाराला एका वळणावर दरड आडवी आलेली दिसली. गाड्या मागे घेण्याशिवाय इलाज नव्हता. आधी तिसरी. साळवे खाली उतरले, गाडीच्या मागे उभे राहिले आणि शिट्टीवर गाडी मागे घ्यायला लागले. छोटी शिट्टी म्हणजे ये, लांब शिट्टी म्हणजे थांब.

मी सेटवर विचारलं, "टायगर थ्री, फॉर टायगर वन. किती वेळ? ओव्हर."

"घेतोय मागं. ओव्हर." हा गुंजाळचा आवाज.

मग लांब शिट्टी वाजली. पहिल्या गाडीतून मला स्वच्छ ऐकू आली. परत वाजली. तिसऱ्यांदा ती अर्धीच वाजली.

"टायगर थ्री, रिपोर्ट. ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर. मग गुंजाळ म्हणाला, "शेळके, साळवे हवालदार गाडीखाली आलेत." ओव्हर म्हणायचं तो विसरला.

एमआय रूमला, म्हणजे फौजी दवाखान्यात, पोचायच्या आत साळवे गेले.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत गुंजाळनं स्वतःहून सांगितलं की एका कानात इयरफोन होता, गाणं चालू होतं. त्याला शिक्षा झाली. ती त्यानं भोगली. साळव्यांच्या घरी मात्र कळवण्यात आलं ते एवढंच की ड्यूटीवर असताना वाहन अपघात झाला. गुंजाळला स्टिअरिंगवरून काढून लंगरमध्ये स्वयंपाकाला टाकलं. सुट्टीवर घरी गेला तरी तो ट्रॅक्टरलाही हात लावायचा नाही.

मी निवृत्त झालो. आमच्याकडं हवालदारकीवर घरी आलेला माणूसही गावात मेजर होतो, तसा मीही झालो. एका सुट्टीत गुंजाळ माझ्या दारात आला. साळव्यांच्या वडिलांना भेटायचंय म्हणाला, एकट्यानं धीर होत नाही. मी म्हटलं, मेजर कशाला आहे? मग मी योजना केली. आयुष्यात मी केलेल्या योजनांचा इतिहास बघता गुंजाळनं तिथंच पळून जायला हवं होतं. योजना अशी: इयरफोनचं नाव काढायचं नाही. ब्रेक फेल झाला म्हणायचं. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला तेवढाच आराम. एसटीत मी त्याच्याकडून ते तीनदा म्हणून घेतलं.

वाडीत पोचलो तो रविवार. सगळी माणसं चर्चमध्ये होती. आम्ही शेवटच्या बाकावर पांढऱ्या टोपीतल्या एका म्हाताऱ्याशेजारी बसलो. थोड्या वेळानं भाकरीचे बारीक तुकडे असलेलं ताट फिरायला लागलं, मागोमाग द्राक्षरसाचे छोटे प्याले. मी प्रसाद समजून हात पुढे केला. म्हाताऱ्यानं माझं मनगट हळूच धरलं.

"ऱ्हाऊ द्या. हे परभूभोजन हाय, बाप्तिस्मा झालेल्यांचं. मी पन घेत न्हाई."

बाहेर आल्यावर कळलं, तेच साळव्यांचे वडील.

त्यांनी आम्हाला घरी नेलं. याकोबच्या पलटणीतले म्हटल्यावर सुनेनं, याकोबच्या बायकोनं रूथनं, चहा ठेवला. मी बोलण्याची सुरुवात म्हणून विचारलं, बाबा, तुम्ही का घेतलं नाही? ते म्हणाले, पोरगा गेल्यापासून घेतलं नाही. मनात कुणाबद्दल अढी ठेवून ती भाकर घ्यायची नसते. आधी जाऊन समेट करायचा, मग घ्यायची. त्यांच्या मनात अढी होती, पण कुणाबद्दल ते त्यांना माहीत नव्हतं. लबाडी करून देवाच्या टेबलाला बसता येत नाही, म्हणून ते मागच्या बाकावर बसायचे आणि ताट पुढं द्यायचे.

मला वाटलं, हीच वेळ. मी हातवारे करून ब्रेक फेल झाल्याची गोष्ट सांगितली. उतार, बर्फ, पेडल कसं खाली गेलं, सगळं. शेवटी म्हणालो, कुणाचीच चूक नव्हती, बाबा.

त्यांचा चेहरा मोकळा होईल असं मला वाटलं होतं. तो आणखी थकला.

"मग मेजर, मी आता काय करू? ब्रेकला काय माफ करू?"

गुंजाळनं कप खाली ठेवला. "ब्रेक चांगला होता, बाबा. गाडी मी चालवत होतो. माझ्या कानात गाणं होतं. त्यांची शिट्टी मला ऐकू आली नाही."

रूथच्या हातातली चहाची किटली तशीच राहिली. बाबा उठले आणि घरामागं गेले. मी फौजी सवयीनं बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवला. म्हातारा कुऱ्हाड आणायला गेला असावा, असा माझा अंदाज होता. मग मागून आवाज यायला लागला. धोतराचा सोगा तोंडात कोंबून माणूस रडतो, तसा. गुंजाळ हलला नाही. मीही नाही.

बऱ्याच वेळानं ते तोंड धुऊन आले आणि गुंजाळच्या समोर बसले.

"तू केलंस," ते म्हणाले. "केलं न्हाई आसं मी म्हनायचो न्हाई. माझा याकोब गेला. लोकांना वाटतं माफी फुकट आसती. न्हाई. ज्यानं करायची त्याच्या अंगावर पडती ती. आमच्या परभूच्या अंगावर पडली, खिळ्यांनी पडली. आज माझ्या अंगावर पडू दे." मग त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मी तुला माफ केलं, पोपट."

त्याचं नाव त्यांना आम्ही दारात सांगितलं होतं, तेवढंच.

त्यांनी पाळकसाहेबांना बोलावणं पाठवलं. ते उरलेली भाकर आणि प्याला घेऊन आले. बाबा अंगणात, शेणाच्या सारवणावर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी घेतलं. प्याल्यातला एक थेंबही सांडला नाही. मी बूट काढून अंगणाच्या कडेला उभा राहिलो.

रूथ दारातून म्हणाली, "मला येळ लागंल, बाबा."

"लागू दे," ते म्हणाले. "तुझं तू बघ. कुनी घाई करनार न्हाई."

तिनं तरीही गुंजाळचा थंड झालेला चहा उचलला आणि गरम करून परत आणून ठेवला. त्याच्याकडं न बघता.

दुपारी आम्ही कबरस्तानात गेलो. रूथ मागून आली आणि फाटकापाशी थांबली. साळव्यांची कबर साधी आहे. नाव, हुद्दा आणि एक क्रूस. घरात आलेल्या पाहुण्याची ओळख करून द्यावी, तसं बाबांनी गुंजाळचा दंड धरून त्याला पुढं केलं.

"याकोब, हा पोपट आलाय. आमच्या दोघांत आता काय न्हाई."

मी सावधान झालो आणि सॅल्यूट केला. सेक्शनमध्ये हात खाली घ्यायचा हुकूम नेहमी साळवेच द्यायचे. मी बराच वेळ तसाच उभा राहिलो.