पुष्पाताईंची चौथी भाकर

श्रीमती पुष्पाताई इंगळे यांची आणि माझी ओळख एका गैरसमजाने झाली. प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून रुजू व्हायला मी नांदुऱ्याहून आमच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचलो, तेव्हा बाळंत विभागाच्या या इन्चार्ज सिस्टर दारातच उभ्या होत्या. "पहिली झाली काय?" त्यांनी विचारले. मुलीबद्दल विचारताहेत असे वाटून, अजून माझे लग्नही झालेले नाही, असे मी सांगितले. त्या हसल्या नाहीत. मला बाही वर करायला लावून त्यांनी हिपॅटायटिस बीच्या लसीचा पहिला डोस टोचला आणि मगच हजेरीची सही कुठे करायची ते दाखवले.

ही रक्तातून पसरणारी कावीळ. दवाखान्यात काम करणाऱ्याला ती एका टोचलेल्या सुईतूनही होऊ शकते आणि वर्षानुवर्षे गुपचूप यकृत खात बसते. लसीचे डोस तीन. पहिले दोन लोक कसेबसे घेतात. तिसरा काही महिन्यांनी असतो, आणि तोवर उत्साह ओसरलेला असतो. आमच्या आया कमलबाई तर तिसऱ्याला सरळ नाहीच म्हणाल्या. "तीन तिगाडा काम बिगाडा असते, सिस्टर."

मी असतो तर विज्ञानावर व्याख्यान झोडले असते. पुष्पाताईंनी विचारले, "ताटात तीन भाकरी वाढतं काय तू?"

"नाई वाढत."

"मंग तिसरी लागली त काय करतं?"

"तुकडा मोडून वाढतो संग."

"तसंच हाय हे. तिसरी सुई, अन् मंग रक्ताची तपासणी. ते चौथी."

तेव्हापासून आमच्याकडे 'चौथी' हा शब्द रुळला. लस लागू पडली की नाही, हे ती तपासणी सांगते. अंधश्रद्धेला खतपाणी घालता, असा टोमणा मी पुष्पाताईंना मारला, तेव्हा त्या म्हणाल्या, "माह्या घरी बिनधास्त तीन वाढतेत. पण तिले तिच्या चुलीवरचंच सांगा लागते."

कमलबाईंची चौथी उत्तम आली. पुष्पाताईंची मात्र आली नाही. त्यांनी तिन्ही डोस पुन्हा घेतले. तरीही अहवाल कोराच. काही थोड्या माणसांचे शरीर ही लस मानत नाही, त्यांतल्या त्या निघाल्या. हे मी त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. "लिहा न, लपवाची काय गोष्ट हाय त्यात," असे त्यांचे उत्तर होते.

बाळंत विभागात रक्ताशी सतत संबंध. तिथून बदली करून घ्या, असे मी सुचवले. "माह्या जागी नवी पोरगी येईन," त्या म्हणाल्या. "तिची त पहिलीही झाली नसन." त्या तिथेच राहिल्या आणि नियमांना अधिकच कडक झाल्या. वापरलेल्या सुईला टोपण लावायचे नाही, सुई कोणाच्या हातात द्यायची नाही, थेट सुयांच्या डब्यात टाकायची. एकदा एका डॉक्टरांनी सवयीने वापरलेली सिरिंज त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात पुढे केला नाही. "साहेब, डब्बा तुमच्याच बाजूले हाय." साहेबांचा चेहरा पडला, पण सुई डब्यात पडली. पुष्पाताईंच्या माघारी कर्मचारी त्यांना फौजदार म्हणत. तो कडकपणा कशातून आला होता हे मला ठाऊक होते, म्हणून मला त्या नावाचे हसू येत नसे.

एका दुपारी एका बाळंतिणीच्या चादरीत राहिलेली सुई कमलबाईंच्या बोटात गेली. त्या बाळंतिणीला ही कावीळ असल्याचा अहवाल मीच दिलेला होता. कमलबाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांची मुलगी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली होती. पुष्पाताईंनी त्यांचा हात साबणाने नळाखाली धुवून काढला. "तुही चौथी झाली हाय. काई होत नाही तुले. घरी जाऊन पोरीले जेवाले वाढ." कमलबाई रडू लागल्या. पुष्पाताईंनी हातमोजे चढवले, चिमटा घेतला आणि ती चादर स्वतः उचलली. मला भीती वाटली. त्या खोलीत ज्यांना लसीचे कवच नव्हते त्या एकट्याच होत्या, आणि चादर त्यांच्याच हातात होती.

पुष्पाताई निवृत्त झाल्यावर कमलबाईंनी त्यांना जेवायला बोलावले. मीही होतो. दोन भाकरी झाल्यावर पुष्पाताईंनी तिसरी मागितली. कमलबाईंनी ती वाढली आणि आणखी एका भाकरीचा तुकडा मोडून तिच्यावर ठेवला. "तुमची चौथी राह्यली होती न, सिस्टर."

कमलबाईंना हे कधीपासून माहीत होते, ते आम्ही कोणीच विचारले नाही. घरी बिनधास्त तीन खाणाऱ्या पुष्पाताईंनी आधी तो तुकडा खाल्ला.

यंदा त्या साठीत प्रवेश करत आहेत. मी तंत्रज्ञ माणूस, शुभेच्छाही माझ्या परीनेच देणार. ताईंनी दरवर्षी काविळीच्या तपासणीसाठी रक्त काढायला मलाच बोलवावे, आणि कितीही वर्षे शोधले तरी त्या अहवालात लिहिण्यासारखे मला काही सापडू नये.