उत्तरेकडे वळवलेली खुर्ची

सकाळचा पहिला चहा व्हायच्या आत हसनभाईंचा पुतण्या दारात आला. "मास्तर, चाचा गेले. दफन आजच, तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर. नसीमला तुम्ही कळवायचं, असं त्यांनी सांगून ठेवलंय." नसीम ही त्यांची एकुलती मुलगी, टोरंटोला असते. फोन लावला तेव्हा तिकडे अजून आदली तारीख चालू होती. ती म्हणाली, "काका, मी येईपर्यंत थांबतील?" मी नाही म्हटलं.

आमची मैत्री याच अंतरावरून झाली. नसीम पहिल्यांदा कॅनडाला निघाली, तेव्हा मी, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाने, नकाशावर पट्टी ठेवून तिचं विमान अरबी समुद्रावरून सरळ पश्चिमेला धाडलं होतं. हसनभाईंनी मालवाहू जहाजांवर सेकंड ऑफिसर म्हणून आयुष्य काढलेलं. "मास्तर, पृथ्वी काय भिंतीला टांगलीय?" म्हणत त्यांनी पृथ्वीगोल आणला आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणला. दोरा समुद्राकडे वळलाच नाही. उत्तरेकडे, ध्रुवाच्या अंगाने वर चढला. "मध्ये विमान बदलून वीस तास, आणि मुंबईहून इथवर दहा. या दहांचं कारण मात्र गोलावर सापडायचं नाही. ते हायवेवर बघा."

तेव्हापासून विमान उडाल्याचा निरोप आला की ते पडवीतली खुर्ची फिरवत. आमच्या राजिवड्यातली बाकी माणसं खाडीकडे तोंड करून बसतात. हे उत्तरेला, शेजाऱ्याच्या चिऱ्याच्या कुंपणाकडे, गडग्याकडे बघत तासन् तास बसत. गाडी फाटकाशी वाजली की खुर्ची मुकाट्याने पुन्हा खाडीकडे. नसीमला याचा पत्ता नव्हता.

"माझ्या वेळी तिच्यासाठी खोळंबा नको," असं त्यांनी मला बजावलं होतं. "आमच्यात मयत ताटकळत ठेवत नाहीत. भाऊबंदांनी सांगितलं तर ती भांडेल."

"आणि माझ्याशी?"

"मास्तरांशी कोण भांडतं?"

दफनाच्या दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. वक्त्यांनी त्यांना कप्तान करून टाकलं, सातही समुद्र त्यांच्या मुठीत दिले. हसनभाई असते तर त्यांनी आधी हुद्दा दुरुस्त केला असता.

नसीम पोचली ती तिसऱ्या दिवशी. कबरस्तानातून परतल्यावर पडवीत थबकली. "काका, ही खुर्ची गडग्याकडे का?" मी दोऱ्यापासून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याची मला फोनपासूनच भीती होती. "पण या वेळी तर मी येणार नव्हते. कधीपासून अशी आहे?"

"महिना झाला."

महिनाभर त्यांना धाप लागत होती, आणि लेकीला कळवायचं नाही अशी तंबी होती. खुर्चीबद्दल विचारलं तर म्हणाले, "खाडीकडून ऊन येतं." त्या पडवीत ऊन पोचतच नाही, हे भूगोलाच्या मास्तराला कळायला हवं होतं. कळलंही होतं. मी तंबी पाळली... तीस तासांचं अंतर, आणि माझ्या हातात तीस दिवस होते.

नसीम भांडली नाही. परत जाताना एवढंच म्हणाली, "खुर्ची हलवू नका." मी संध्याकाळी पडवीत जातो आणि पायरीवर बसतो. खाडीकडे पाठ करून.