कवळीवाल्यांची बाग

गल्लीत सगळे त्यांना कवळीवाले म्हणत आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे, त्यांना तर नाहीच. घराच्या पुढच्या खोलीत ते खोटे दात करत. दातांचे डॉक्टर आपल्या पेशंटच्या तोंडाची मापं घेऊन त्यांच्याकडे पाठवत. कवळीवाले त्यावरून प्लास्टरचा साचा ओतत, मेणात दात बसवत, गुलाबी हिरड्या चढवत, घासूनपुसून चकचकीत करत आणि डबीत घालून स्वतः स्कूटरवरून दवाखान्यात पोचवत. ज्याच्या तोंडात ती कवळी जायची तो माणूस त्यांना कधी दिसायचा नाही. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ते सांगत, "माझं दात करून भरलं." हा विनोद ते वर्षानुवर्षं करत आले होते. त्यावर दर वेळी हसणारं हक्काचं माणूस म्हणजे त्यांची बायको, गल्लीच्या काकू. आणि काकू आता घरात नव्हत्या.

काकू मुलीकडे गेल्या होत्या. हे सांगताना कवळीवाल्यांना जपून बोलावं लागे. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने विचारलं, हल्ली काकू दिसत नाहीत, तर हे नुसतंच "गेल्या" म्हणाले. दुकानदाराने हातातली पिशवी खाली ठेवली, डोळ्यांत पाणी आणलं आणि माऊली होती हो, असं म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून ते "मुलीकडे" हा शब्द आधी उच्चारत, "गेल्या" नंतर.

मुलगी समुद्रापलीकडे राहायची. तिच्या बाळंतपणासाठी काकू गेल्या त्या हिवाळा संपेपर्यंत येणार होत्या. मग मुलीची नोकरी पुन्हा सुरू झाली, नातीला सांभाळायला कोणी मिळेना, मग जावयाची बदली झाली. दर खेपेला कारण खरं असायचं, त्यामुळे रागावताही यायचं नाही. असे दोन हिवाळे गेले.

घराच्या मागे बाग होती, ती काकूंची. कवळीवाल्यांना ती कपडे वाळत घालायची जागा म्हणूनच माहीत होती. साचे धुतलेलं पांढरं पाणी त्यांनी एकदा गुलाबात ओतलं होतं, तेव्हा काकू दोन दिवस बोलल्या नव्हत्या. त्यानंतर त्यांनी बागेत पाऊल टाकणं जवळजवळ सोडलंच होतं.

पहिल्या हिवाळ्यात त्यांनी फक्त पाणी घातलं. बी थंडीच्या आधी पेरावं लागतं, हे त्यांना सांगायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. काकू रोज संध्याकाळी फोन करत. आधी औषध घेतलं का, मग "बाग दाखवा." दाखवायला होतं काय? वाळलेल्या काटक्या आणि भेगा पडलेल्या कुंड्या. फक्त कुंपणावरची बोगनवेल, दुर्लक्षावरच पोसल्यासारखी, रंग उधळून बसलेली. कवळीवाले फोन असा धरत की पडद्यावर बोगनवेलच दिसावी. "खाली घ्या जरा," काकू म्हणायच्या. मग नेमकं नेटवर्क जायचं.

दुसऱ्या वर्षी काकूंनी उंटावरून शेळ्या हाकायला घेतल्या. कपाटाच्या खालच्या खणात बियांच्या पुड्या आहेत. पिटुनियाचं बी धुळीसारखं असतं, त्यावर माती घालू नका. हॉलीहॉक मागच्या भिंतीशी लावा, तो उंच होतो. स्वीट पीचं, म्हणजे त्या शोभेच्या वाटाण्याच्या वेलीचं बी टणक असतं, ते आधी थोडं खरवडून मग भिजत घाला. कशाने खरवडू, असं यांनी विचारल्यावर काकू म्हणाल्या, "आता ते मी सांगू तुम्हाला?"

तेव्हा कवळीवाले पुढच्या खोलीत बसले, डोळ्यावर भिंग चढवलं आणि दात घासायच्या बारीक कानशीने एकेका बीची पाठ अलगद घासली. आयुष्यभर त्यांनी असंच काहीतरी घासत आणलं होतं, पण घासलेल्यातून काही उगवलं नव्हतं. आठवडाभरात मातीतून वाकलेल्या हिरव्या माना वर आल्या तेव्हा ते चहाचा कप हातात धरून उभेच राहिले. चहा गार झाला.

मग त्यांना नाद लागला. दोऱ्या बांधल्या, काठ्या रोवल्या, गोगलगायी वेचल्या. आणि थंडी सरत आली तशी बाग फुलली.

ते दिवसच वेगळे असतात. सकाळी श्वासाची वाफ अजून दिसते, पण दुपारच्या उन्हात स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकावा लागतो. कवळीवाले उजाडल्यावर मागचं दार उघडत. दवाने जड झालेले पिटुनिया तोंड खाली करून बसलेले असत. त्यांची पानं हाताला चिकटत आणि तो चिकटपणा मग दिवसभर बोटांवर राही. ऊन भिंतीवरून हळूहळू उतरत आधी हॉलीहॉकच्या शेंड्याला, मग फ्लॉक्सच्या वाफ्याला आणि सगळ्यात शेवटी जिरॅनियमच्या कुंड्यांना लागे. उन्हाचा हात लागला की स्वीट पीचा वास उठायचा, मधासारखा, पण मधापेक्षा हलका. फुलं जांभळी, पांढरी आणि एक गुलाबी. ती गुलाबी छटा थेट त्यांच्या कवळीच्या हिरड्यांच्या पावडरीची होती, हे पाहून ते एकटेच हसले. हसू ओसरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सांगायला कोणी नाही. दुसऱ्याला सांगितल्याशिवाय गंमत पुरी होत नाही. ती अर्धी तशीच घशात राहते.

संध्याकाळी फोनवर सांगितली. पण तिकडे सकाळची घाई होती, नातीने दूध सांडलं होतं. "काय म्हणालात?" काकूंनी विचारलं. "काही नाही," हे म्हणाले.

तिसऱ्या हिवाळ्यात काकूंचं यायचं ठरलं. थंडीच्या शेवटी, चांगल्या महिनाभरासाठी. कवळीवाल्यांनी पेरणी मागेपुढे करून असं जमवलं की त्या येतील तेव्हा वाफ्यात जागा दिसू नये. आणि जमलंही. पण येण्याच्या तोंडावर नातीला कांजिण्या आल्या. मुलगी फोनवर रडवेली झाली होती. "बाबा, आईला थोडं उशिरा पाठवलं तर चालेल ना तुम्हाला?" तिने विचारलं. न चालून काय करणार? ते म्हणाले, पोरीला बरं वाटू दे आधी.

मग काकूंनीच युक्ती सांगितली. स्वीट पी टिकवायची असेल तर फुलं रोज कापायची. वेलीवर शेंग धरली की ती फुलायची थांबते. कापत राहिलं की वेडी वेल फुलतच राहते.

आता आली का पंचाईत! जे बघायचं तेच सकाळी उठून कात्रीने कापायचं. घरात पेले भरले, बरण्या भरल्या, साचे ठेवायच्या फळीवर प्लास्टरच्या जबड्यांमध्ये फुलं उभी राहिली. एकटा जीव सदाशिव, एवढ्या फुलांचं करणार काय? शेवटी ते कवळीच्या प्रत्येक डबीबरोबर दोऱ्याने बांधलेली एक जुडी दवाखान्यात देऊ लागले. एका दवाखान्यातल्या स्वागतिकेला पहिल्या दिवशी वाटलं, म्हातारा तिच्यावर भाळला. कवळीवाल्यांचे कान लाल झाले. पेशंटसाठी आहेत, असं त्यांनी घाईघाईने सांगितलं. खरं तर तसं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं, पण तेव्हापासून स्वागतिका ती फुलं पेशंटना देऊ लागली.

त्यातूनच एक बाई एका सकाळी दारात आल्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, हातात काठीसारखी टेकायला छत्री. फुलं कुठली, हे दवाखान्यात विचारून शोधत आल्या होत्या. बाग पाहता येईल का, असं त्यांनी विचारलं आणि हसल्या. कवळीवाल्यांनी दात ओळखले. वरच्या ओळीतला सुळा त्यांनी मुद्दाम किंचित वाकडा बसवला होता, फार सरळ ओळ खोटी दिसते म्हणून. तीसेक वर्षांत आपलं काम त्यांनी पहिल्यांदाच हसताना पाहिलं. दात कोणी केले हे बाईंना माहीत नव्हतं, आणि एखाद्या बाईला तिच्या तोंडावर कवळीबद्दल कसं बोलणार?

त्या खुर्चीवर बसल्या, हे उपड्या बादलीवर. बाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. एका वाफ्याकडे बघून होईपर्यंत दुसऱ्याकडे वळत नसत. मधमाशी पिटुनियाच्या आत शिरून धडपडत बाहेर आली तेव्हा त्यांनी नुसतं बोट दाखवलं. ह्यांनीही पाहिलं. त्यानंतर त्या आणखी एकदोनदा आल्या. कवळीवाले एक खुर्ची जास्तीची बाहेर ठेवू लागले. चहा विचारायचं मात्र त्यांना दर वेळी त्या निघून गेल्यावर सुचायचं.

काकू आल्या तेव्हा थंडी जवळजवळ संपली होती. दुपारी पंखा लागायला लागला होता. पण रोजच्या कापणीमुळे वेल अजून फुलत होती. पहिल्या सकाळी कवळीवाले लवकर उठून मागच्या दाराशी उभे राहिले. बाग त्यांनी हजारदा पाहिली होती, त्यांना काकूंचा चेहरा पाहायचा होता.

काकू शाल गुंडाळून बाहेर आल्या. एका फुलाला हात लावला, वाकून वास घेतला. "छान फुललीय हो," त्या म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. मग थोडं पुढे गेल्या आणि थबकल्या. "फ्लॉक्स इथे का लावलात? इथे ऊन नाही पोचत."

"पोचतं आता. शेजारचं झाड तोडलं ना."

काकूंनी वर पाहिलं. जिथे त्यांच्या आठवणीत फांद्या होत्या तिथे नुसतं आभाळ होतं. "कधी तोडलं?"

"झालं वर्ष. सांगितलं होतं मी फोनवर."

"सांगितलं असेल," काकू म्हणाल्या आणि शाल सारखी केली.

त्यानंतर त्या बागेत काही हलवायला गेल्या की आधी विचारत, ही कुंडी इकडे घेऊ का? कवळीवाल्यांना ते विचारणं लागायचं. घे की, तुझीच आहे, ते म्हणत. पण कुंडी हलली की त्यांचा हात नकळत ती परत जागेवर ठेवायला जाई.

एका सकाळी फाटकाचा आवाज झाला. कवळीवाल्यांनी खिडकीतून पाहिलं तर त्या बाई छत्री टेकत उभ्या होत्या. आतून काकूंचा कोणाशी तरी बोलण्याचा आवाज येत होता. बाईंनी क्षणभर ऐकलं, फाटक अलगद ओढून घेतलं आणि गेल्या. कवळीवाले दारापर्यंत गेले होते. हाक कशी मारायची ते त्यांना समजेना, नावच कधी विचारलं नव्हतं.

रोज संध्याकाळी नातीचा फोन यायचा. आता काकू बागेत फिरून तिला एकेक फूल दाखवत. "हे आबांनी लावलंय, आणि हेही आबांनीच." नात विचारायची, आजी, कधी येणार? "येते गं, लवकर घरी येते," काकू म्हणायच्या. कवळीवाले मागे पाण्याची झारी भरत होते. झारी भरून वाहायला लागली तरी त्यांनी नळ बंद केला नाही.

रात्रीच्या जेवणानंतर काकूंनीच विषय काढला. "तुम्हीच चला ना तिकडे."

"तिकडे मी करू काय?"

"मी काय करते? असते. तुम्हीही असा."

"आणि हे?" त्यांनी मागच्या दाराकडे मान वळवली.

"खिडकीत कुंड्या ठेवता येतात. ऊन चांगलं येतं." काकूंनी ताटं एकात एक ठेवली. "खरं सांगू? मला इथे आले की वाटतं, मी तुमच्या घरी आलेय. रागावू नका."

"रागवत नाही," ते म्हणाले. खरंच राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, त्याला निदान काही बोलता येतं. "बघू," ते म्हणाले. त्यांच्या संसारात "बघू" म्हणजे नाही, हे दोघांनाही लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. काकूंनी ताटं उचलली. जाताना एका हाताने त्यांच्या खांद्यावर थोपटलं, लहान मुलाला थोपटावं तसं.

महिना पुरा व्हायच्या आतच त्या परत गेल्या. मुलीला सुट्टी मिळत नव्हती. निघताना त्यांनी नातीसाठी दोन पुस्तकांमध्ये दाबलेली स्वीट पीची फुलं नेली. बाकी सगळं होतं तसं ठेवून गेल्या. फक्त फ्लॉक्सच्या वाफ्याशी एक छोटी कुंडी त्यांनी हलवली होती. ती कवळीवाल्यांनी नंतर बरेच दिवस तशीच राहू दिली, पाय अडखळायचा तरीही.

विमानतळावरून ते भर दुपारी घरी पोचले. घर खायला उठलं होतं. ते सरळ मागे गेले. उन्हाने बागेने मान टाकली होती. भर उन्हात पाणी घालू नये, एवढं त्यांना आता कळत होतं. तरी त्यांनी घातलं, कारण नाहीतर हातांना करायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कात्री खुंटीवरच राहिली. आता कोणासाठी टिकवायचं? वेलीवर आठवड्याभरात बारीक शेंगा धरल्या आणि फुलं विरळ झाली. पण त्याच सुमारास बागेच्या कोपऱ्यातल्या कागदी लिंबाच्या झाडाला कळ्या आल्या. गेल्या वर्षी आल्या असतील, त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. लहानशा, जाडसर पाकळ्यांच्या, बाहेरून किंचित जांभळट. एक उमललेली त्यांनी नाकाशी धरली आणि डोळे मिटून उभे राहिले.

दवाखान्यातल्या स्वागतिकेला त्या बाईंबद्दल विचारावं, असं त्यांच्या मनात आलं. एकदा तिच्या टेबलासमोर उभेही राहिले. पण विचारणार काय, आणि कशासाठी विचारताय म्हटल्यावर सांगणार काय? डबी ठेवून ते निघून आले.

घरी आल्यावर त्यांनी खुर्ची उन्हातून सरकवून लिंबाच्या सावलीत घेतली. सावली अजून तोकडी होती, पाय उन्हातच राहिले. वर मधमाश्यांचा एकसारखा आवाज चालू होता. मधूनच एखादी पाकळी गळून सदऱ्यावर पडायची, ती ते झटकत नव्हते. पुढच्या खोलीत आलेली मापं दुपार टळून गेली तरी तशीच पडून होती.