बंड्याच्या जागेवरची ओल

मागच्या मंगळवारी सकाळी गोठ्यात गेलो, तर बंड्याच्या जागेवर ओल नव्हती... म्हणजे रात्रभर त्याची लघवी झालीच नव्हती.

बंड्या म्हणजे आमचा बकरा. त्याची आई लवकर मेली, म्हणून माझ्या बायकोने, सुमनने, त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं. राळेगावजवळच्या आमच्या गावात तो तिच्या मागे मागे किराणा दुकानापर्यंत जातो.

मी घोर लावून घेणारा माणूस आहे. गॅस बंद केला का, हे तीनदा पाहतो. दोन वर्षांपूर्वी माझीच लघवी तुंबली होती, तेव्हापासून ही सवय जास्तच वाढली...

तेव्हा थेंब थेंब होत होती, पण लाजेपायी मी घरात कोणाला सांगितलं नाही. शेवटी पोट दगडासारखं झालं. यवतमाळला नेऊन नळी टाकली, पुढे प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं.

तर मंगळवारी बंड्या मागचे पाय फाकवून, पाठ वाकवून उभा होता. शेपटी थरथरत होती. एवढा जोर करून खाली पडले ते एक-दोन थेंब... त्याला पाहिलं आणि मला मीच दिसलो, मोरीत भिंतीला हात टेकवून उभा असलेला.

मी मुलाला, गजाननला, हाक मारली. तो हसायलाच लागला. "बाबा, आता बकऱ्याचं मुतणंबी मोजून राह्यले का तुम्ही?"

मग बंड्या कुंथताना दिसला, तसा गजानन तेलाची बाटली घेऊन आला. "पोट गच्च झालं याचं. तेल पाजतो, मोकळा होईन." आमच्याकडे जनावर कुंथलं की सगळे हेच करतात.

मी बाटली धरून ठेवली. "अरे, या लेंड्या पाह्य खाली. ताज्या हायेत. मंग पोट गच्च कायचं? याची लघवी अडली." गजाननने खाली वाकून लेंड्या पाहिल्या. बाटली ठेवून ऑटो आणायला गेला.

ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी बंड्याला इंजेक्शन दिलं आणि ढुंगणावर बसवून तपासलं. लघवीच्या जागी टोकाला दोऱ्यासारखा बारीक भाग असतो, त्यात वाळूसारखे खडे अडकले होते. त्यांनी तेवढं टोक कापलं... आणि धार लागली! गजाननची पॅन्ट भिजली, पण तो जागचा हलला नाही.

"उशीर झाला असता तर आत लघवीचा फुगा फुटला असता. कोणी ओळखलं हे?" बाईंनी विचारलं.

"आमच्या बाबानं," गजानन म्हणाला. एवढंच. पण मी सातवी शिकलेला माणूस, दवाखान्यात इतका ताठ कधी बसलो नव्हतो...

खरं ते सांगतो. रोज लाडाने ज्वारीची ओंजळ त्याला मीच घालत होतो. दाणा जास्त आणि पाणी कमी झालं की खडे होतात, असं बाई म्हणाल्या. पुन्हाही अडू शकते, म्हणून लक्ष ठेवायला सांगितलं. आता दाणा बंद, औषध सुरू आणि पाण्याची बादली कायम भरलेली. लक्ष ठेवायला मी आहेच.

सुमन आधी म्हणायची, "तुमच्या जिवाले घोर लागल्याबिगर दिवस उजाडत नाही." आता सकाळी चहा देताना तीच विचारते, "पाहून आले का गोठ्यात?"

काल शेतातून गजाननचा फोन आला. "बाबा, बंड्याची झाली का?" मी म्हटलं, झाली, चांगली ओल आहे.  मग तो हळूच म्हणाला, "आन तुमची?"

दोन वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं... आणि मीही कधी सांगितलं नव्हतं.

"झाली बाप्पा, मोकळी झाली," मी म्हणालो. ओसरीवर शेजारचे दोघं बसलेले होते, तरी मोठ्याने म्हणालो.